शिंक्याला गेलेली जाळी

मी फटफटीवाल्याचा लोखंडी टोप बोलतोय. आता फटफटीवर जात नाही. महाळुंग्यात गेनबाच्या घरी, दाराशेजारच्या खुंटीला टांगलेला असतो. उजव्या बाजूला मला एवढा खोल पोचा आहे की त्यात मूठ बसावी. पोच्याच्या कडेनं केसासारखी बारीक चीर गेली आहे. घरात येणारा माणूस आधी त्या पोच्यावर बोट फिरवतो आणि मग विचारतो, हे कशानं झालं. मी सांगतो, पण सावकाश सांगतो. ज्याला घाई असेल त्यानं उठून जावं, माझा राग नाही.

मी मार खायलाच जन्मलो. विलायतेतल्या एका कारखान्यात पोलादाच्या पत्र्यावर वरून एकच दणका बसला आणि पत्र्याचा टोप झाला. आईच्या मांडीऐवजी ऐरण मिळाली म्हणा ना. मग एका बाईनं माझ्या पोटात पट्ट्यांची जाळी बसवली. ही जाळी नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. चार रुंद पट्ट्या, माथ्यावर एकमेकींना धरलेल्या, कडेनं लोकरीचा जाड नमदा. डोकं त्या जाळीत बसतं, पोलादाला टेकत नाही. मधे बोटभर मोकळी जागा राहते. दगड लागला की मी दबतो, पट्ट्या ताणतात, नमदा चेपतो, आणि तो दणका डोक्यापर्यंत जाता जाता थकतो. लोकांना पोलाद दिसतं. डोकं राखते ती जाळी. आणि जाळीला डोक्याशी धरून ठेवतो तो हनुवटीखालचा पट्टा, त्याच्या बकलासकट.

ब्रह्मदेशच्या लढाईत मी चिमाजी नावाच्या जवानाच्या डोक्यावर आलो. फटफटीवरून पलटणीचे कागद पोचवायचं त्याचं काम. गडी धाडसाचा, पण तिथल्या दमट उकाड्यानं त्याची मान घामोळ्यांनी भरलेली. पट्टा काचतो म्हणून तो बक्कल लावत नसे, तसाच लोंबता ठेवी. भिमाजी त्याच्याच पलटणीत फटफट्या दुरुस्त करायचा. तो रोज सांगायचा, बक्कल लाव बाबा. चिमाजी हसायचा आणि म्हणायचा, ज्या गोळीवर माझं नाव आहे ती बक्कल बघून परत फिरणार आहे होय?

गोळी आलीच नाही. एका पुलाच्या तोंडाशी तोफेचा गोळा शेजारच्या शेतात फुटला. धक्क्यानं फटफटी आडवी झाली आणि चिमाजी हवेत उडाला. तो हवेत असतानाच मी त्याच्या डोक्यावरून निसटलो. मी चिखलात पडलो. तो पुलाच्या दगडी कठड्यावर पडला. मला आवाज आला, नारळ फोडताना येतो तसला, ओलसर. भिमाजी धावत आला. त्यानं चिमाजीचं डोकं मांडीवर घेतलं, जेवढं राहिलं होतं तेवढं. मग मला चिखलातून उचललं आणि बाहीनं पुसलं. माझ्यावर साधा ओरखडा नव्हता. टोपाला याच्याइतकी लाजेची गोष्ट दुसरी नाही.

भिमाजीनं मला सरकारजमा केलं नाही. लढाई संपली, आणि त्याच्या ट्रंकेत बसून मी चिंचवडला आलो.

तिथं रस्त्याकडेला त्यानं पत्र्याची शेड घातली. देहूरोडच्या डेपोतून लिलावात निघालेल्या लष्करी फटफट्या आणायच्या, दोन मोडून एक चालती करायची, हा त्याचा धंदा. मला तो कोणाला देत नसे. महिन्यातून एकदा जाळी सोडवायचा, रिठ्याच्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. पट्ट्याच्या चामड्याला बोटानं तेल लावायचा. कोणी म्हणालं की भिमाजी, आता कुठली लढाई राहिली आहे, तर तो नुसता रस्त्याकडं बघायचा.

त्रेपन्न साल असेल. पिंपरीच्या माळावर औषधाचा मोठा कारखाना उठत होता. त्याला खडी जायची इंद्रायणीच्या बाजूच्या एका खाणीतून. खाण आणि बांधकाम यांच्यात निरोपांची ने-आण करायला ठेकेदारानं एक गडी ठेवला, आणि त्याला एक फटफटी दिली. गड्याचं नाव बिरू. महाळुंग्याच्या गेनबाचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, तालमीत कमावलेल्या मानेचा, आणि डोक्यावर लाल पटका. गाडीची क्लच-तार तुटली म्हणून तो शेडमधे आला. भिमाजी त्याच्याकडं बघत राहिला. त्याला कोण आठवलं ते मला कळलं, कारण मलाही तोच आठवला.

भिमाजीनं मला खाली काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. पैसे नकोत म्हणाला. पण आधी पटका सोड म्हणाला.

बिरूचा चेहरा पडला. "आबा हायेत माजं अजून."

या मुलखातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. घरात कोणी गेलं म्हणजेच गडी उघड्या डोक्यानं रस्त्यावर दिसतो. बाप जिवंत असताना मुलानं बोडकं फिरणं म्हणजे बापाचं मरण मागणं. भिमाजी जुना माणूस, त्यानं वाद घातला नाही. सडकेवर टोप घाल, गावाच्या शिवेवर थांबून पटका बांध, एवढंच म्हणाला. तोवर पटका कमरेला गुंडाळ. बिरूला ते पटलं.

मग भिमाजीनं मला त्याच्या डोक्यावर बसवलं. भुवयांच्या वर दोन बोटं, बरोबर आडवा. "डोकं हलीव," म्हणाला. "टोपानं डोक्यासंगं फिराय पायजे. कपाळाची कातडी वडली तर बसला म्हनायचा." पट्टा आवळला आणि पट्टा नि गळा यांच्यात स्वतःची दोन बोटं घालून बघितली. तिसरं शिरता कामा नये. आतली जाळी दाखवून म्हणाला, डोकं राखते ती ही. मग आणखी चार गोष्टी सांगितल्या. तापल्या नळकांड्यावर ठेवू नको. राकेल-पेट्रोलनं पुसू नको. यात कोणाला दाणे मोजू देऊ नको. आणि एकदा जोराचा दणका बसला की बाहेरून कितीही धड दिसला तरी माझ्याकडं आण, मी सांगेन मग काय ते.

आठ दिवस असे गेले की काय सांगू. वारा कानाच्या पाळ्यांवरून जायचा, बिरूचा घाम नमद्यात मुरायचा, पट्टा जागच्या जागी. खाणीत सुरुंग उडाला की कपच्या पार सडकेपर्यंत यायच्या. एकदा एक कपची माझ्या माथ्यावर टण्णदिशी आपटून उडाली. बिरू शिटी वाजवत पुढं गेला. एवढ्या वर्षांनी मी माझं काम केलं होतं.

नवव्या दिवशी शिवेच्या अलीकडं तो ओढ्यापाशी थांबला. मला काढून फटफटीवर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं. पटका अजून कमरेलाच होता. आणि समोरून चाकणच्या बाजारातून गाडी आली. गाडीवर गेनबा, मागं गावातली दोन-तीन माणसं.

गेनबानं बैल उभे केले. त्याचं तोंड राखेसारखं झालं. खाली न उतरताच त्यानं विचारलं, "कोन गेलं?"

"कोन न्हाई, आबा."

"तुजी आई?"

"कोन बी न्हाई. टोप घालायचा म्हून सोडलावता."

तेव्हा गेनबा उतरला. हातात आसूड होता. पहिला फटका मानेवर, दुसरा कानावर, तिसरा पाठीवर. बिरूनं बापाचा हात धरला नाही. त्याच्या एका हिसक्यात गेनबा ओढ्यात गेला असता, पण त्यानं फक्त मला उचलून डोक्यावर घातलं आणि खाली बसला. मग आसुडाचा दांडा माझ्यावर पडत राहिला, टण्ण, टण्ण. गाडीवरनं कोणीतरी म्हणालं, "गेनबा, पाटी बडवतुयास राव, पोरगं खाली हाय." सगळे हसले. गेनबा हसला नाही. दांडा मोडेतोवर मारत राहिला. मग धापा टाकत एवढंच म्हणाला, "मी जित्ता हाय तवर ह्ये डोकं उगडं दिसता कामा न्हाई."

बिरूच्या कानातून रक्त येत होतं. त्यानं तिथंच बसून पटका बांधला.

दुसऱ्या दिवशी तो मला गावच्या लोहाराकडं घेऊन गेला. पटक्यासकट बसला पाहिजे, म्हणाला. लोहारानं आत बघितलं आणि विचारलं, हे चऱ्हाट कशाला आहे? भिमाजीचे शब्द बिरूच्या ओठांवर आले असावेत. पण मानेवरचे वळ ठसठसत होते. काढ म्हणाला.

छिन्नीनं एकेक रिव्हेट तुटत गेला. आठ होते. जनावराचं पोट फाडून आतडं बाहेर ओढतात, तशी लोहारानं जाळी ओढून काढली, नमद्यासकट. मी नुसतं घमेलं उरलो. पटक्याच्या वेटोळ्यांवर मी डुगडुगत बसायचो, आणि पट्टा हनुवटीपर्यंत पोचेना. मग तो तसाच लोंबता राहिला. चिमाजीचा राहायचा तसाच.

जाळी बिरूच्या आईनं, ठकुबाईनं, घरी ठेवून घेतली. पट्ट्या चांगल्या मजबूत आहेत म्हणाली, आणि त्यांचं शिंकं करून आढ्याला टांगलं. त्यात दह्याचं मडकं बसलं. ज्या जाळीत माझ्या धन्याचं डोकं बसायचं, तिच्यात दही विरजू लागलं.

गेनबा मात्र खूश झाला. पटकाही आहे, वर टोपही आहे. पोराला लोकांत दाखवू लागला. चैत्रात घाटावर, म्हणजे गाड्या पळवायच्या चढावर, बैलगाड्यांची शर्यत होती. गेनबाचे बैल पळाले, आणि निशाण आधी पडलं की बैल आधी पोचले यावरून शेजारच्या गावाशी जुंपली. आधी शिव्या, मग धोंडे, मग काठ्या. एकानं गेनबाच्या कमरेत काठी घातली. बिरूनं मला डोक्यावरून काढलं, लोंबता पट्टा मुठीत धरला आणि गोफणीसारखा गरगर फिरवून त्या माणसाच्या जबड्यावर हाणलं. हाड मोडलेलं मला समजलं. दोन दात माझ्या पोटात येऊन पडले. तो माणूस गुडघ्यावर बसला, तोंडातून रक्ताच्या लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. पुन्हा हाणलं. गेनबानंच शेवटी पोराला ओढलं. ज्यानं मार झेलायचा, त्याच्याकडून मार देववला. ते रक्त बिरूनं पेट्रोलच्या बोळ्यानं पुसलं, आणि माझ्या पट्ट्याचं चामडं महिन्याभरात तडकलं.

पावसाळ्याच्या तोंडाला तो पुन्हा चिंचवडला आला. भिमाजीनं सवयीनं मला हातात घेतलं, आणि हात आत जाताच थांबला. शेडच्या कोपऱ्यातलं पाण्याचं मडकं रिकामं केलं, त्याच्यावर फडकं गुंडाळलं, वर मला ठेवलं आणि हातोड्याचा एक घाव घातला. फार जोराचा नाही. फडक्याच्या आत मडक्याची खापरं झाली.

बिरू म्हणाला, "त्ये मडकं हाय काका. ह्ये गेनबाच्या पोराचं डोकं हाय, लई घट्ट."

भिमाजी हसला नाही. मग त्यानं चिमाजीची गोष्ट सांगितली. पुलाची, कठड्याची, मांडीवर घेतलेल्या डोक्याची. मी त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी म्हणाला, "जाळी घिऊन ये. मी बशिवतो परत. पन पटका तुला सोडाय पायजे."

"आबास्नी इचारतो," बिरू म्हणाला.

घरी जाऊन त्यानं शिंक्याकडं बघितलं. कुशाबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, दही हवं आहे का. नको म्हणाला. गेनबा ओसरीवर बसून आसुडाला नवा दांडा घालत होता. बिरू दोनदा त्याच्यापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. ज्याच्या मनगटात माणसाचा जबडा मोडायची ताकद होती, त्याच्या जिभेला ते एक वाक्य उचललं नाही.

तिसऱ्या दिवशी गेनबाला भोसरीला एक बैल बघायला जायचं होतं. तो पोराच्या मागं फटफटीवर बसला. दुपारची उन्हं. खाणीजवळ लाल निशाण दिसत होतं, पण बिरू रोजचा होता, सुरुंग उडायला अजून अवकाश आहे असं त्यानं धरलं. पुढं एक बैलगाडी होती, तिच्या बैलांना सुरुंगाची सवय नव्हती. बार उडाला तसे बैल उधळले आणि गाडी सडकेवर आडवी झाली.

बिरूनं ब्रेक दाबला. चाक ओल्या मातीवरून घसरलं. गेनबा मागच्या मागं नांगरटीत फेकला गेला, खांद्याचं हाड मोडलं, पण माती मऊ होती. बिरू पुढं गेला. सडकेकडेला खडीसाठी रचलेला दगडांचा ढीग होता.

मला सगळं आठवतं. पट्टा लावलेला नव्हता, म्हणून मी पटक्यावरून फिरलो आणि वाकडा झालो. जाळी नव्हती, म्हणून दगडाचा घाव माझ्यातून थेट आत गेला, वाटेत थांबवायला काही नव्हतं. मी आत दबलो, आणि दबलेलं माझंच पोलाद त्याच्या कवटीवर बसलं. माझी कड कानाच्या वर मांसात रुतली. चिमाजीच्या वेळी मी पळालो होतो. या वेळी थांबलो, आणि थांबूनही मीच मारलं.

गेनबा एका हातानं सरपटत आला. त्यानं मला उपसून काढलं. खाली पटका भिजून काळा पडला होता. भर सडकेत, खाणीतल्या सगळ्या माणसांसमोर, गेनबानं पोराच्या डोक्यावरचा पटका सोडला, त्याचाच बोळा करून जखमेत दाबला. रक्त थांबेना. मग त्यानं स्वतःचा पटका सोडला. एक खांदा लोंबत होता, वेढे नीट पडत नव्हते. पण बांधला. खडीच्या ट्रकवर घालून बिरूला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी अंथरूण-पांघरूण न्यायला गेनबा गावात आला. एका हातात मी, दुसरा हात गळ्यात बांधलेला. शिवेपासून घरापर्यंत लोक बघत होते आणि बाजूला होत होते. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काय राहिलं होतं? गेनबाचं डोकं उघडं होतं. पांढऱ्या विरळ केसांवर रक्त वाळलेलं.

ठकुबाई दारात उभी होती. तिनं त्याच्या डोक्याकडं बघितलं, आणि जाग्यावर बसून ऊर बडवायला लागली. कुशाबाई आतून आली. तिनंही बघितलं. तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. बांगड्या फुटल्या. हिरव्या काचा मनगटात घुसल्या, तरी ती आपटतच राहिली.

गेनबाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी त्याच्या हातातून खाली पडलो. त्यानं धडक्या हातानं सुनेचं मनगट धरलं, आणि त्याच्या बोटांवरून तिचं रक्त वाहायला लागलं. "जित्ता हाय," तो म्हणत होता. "जित्ता हाय गं पोरी. माजं डोकं नगं बघू. माज्या डोक्यात काय बी न्हाई."

बिरू सव्वा महिना दवाखान्यात होता. उजवा कान गेला तो गेलाच. हसताना तोंड एका बाजूला ओढतं, आणि माणसांची नावं विसरतो. पण चालता-बोलता घरी आला.

तो यायच्या आधीच ठकुबाईनं शिंकं खाली काढलं होतं. दह्याचं मडकं जमिनीवर ठेवलं, पट्ट्या रिठ्यानं धुतल्या, सावलीत वाळवल्या. गेनबा ती जाळी आणि मी, दोघांना घेऊन चिंचवडला गेला. जाळी परत बसवून द्या म्हणाला. भिमाजीनं माझी चीर नखानं चाचपली आणि मान हलवली. ह्यानं आपला दणका खाल्ला, म्हणाला. आता कितीबी ठोकून सरळ केला तरी फसवेल. मग डेपोतून आलेला दुसरा एक टोप काढला. त्याची जाळी उंदरांनी खाल्ली होती. आठ नवे रिव्हेट मारून माझी जाळी त्याच्या पोटात बसवली. मला वाईट वाटलं नाही. आपलं काळीज दुसऱ्याच्या छातीत का होईना, चालू राहिलं.

बिरू कामावर परत निघाला त्या सकाळी गेनबा त्याच्याबरोबर शिवेपर्यंत गेला नाही. दारातच, आळीतल्या सगळ्यांच्या देखत, त्यानं पोराचा पटका स्वतःच्या हातानं सोडला. नवा टोप बसवला. "डोकं हलीव," म्हणाला. पट्टा आवळून गळ्याशी दोन जाड बोटं घालून बघितली. आळीतल्या एका म्हातारीनं विचारलं, गेनबा, कोन गेलं रं?

"कोन न्हाई," तो म्हणाला. "आन् जानार बी न्हाई."

आता रोज सकाळी बिरूचा पटका गेनबा माझ्यावर गुंडाळून ठेवतो, या खुंटीवर. दिवसभर त्या पटक्याखालचं डोकं मीच. संध्याकाळी फटफटीचा आवाज येतो, बिरू आत येतो, माझ्यावरचा पटका उतरवून स्वतःला बांधतो. तो आवाज येईपर्यंत कुशाबाई मधून मधून माझ्याकडं बघते. मनगटावरचे पांढरे व्रण अजून आहेत.

मी आता कोणाचं डोकं राखू शकत नाही. उठताना एवढं करा. आपल्या टोपाच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा, आणि मग जा. तुमच्या घरीही कोणीतरी खुंटीकडं बघत असेल.